रुळाला तार, कमरेला दोरी

गयाबाई साळवे बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कधी बघायची नाही. बोलणं तुमच्याशी चालू असायचं आणि नजर तुमच्या खांद्यावरून पार पलीकडं, रूळ जिथं वळणाआड जातात तिथं लागलेली असायची. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटला. घरातही तिचं तेच. क्वार्टरच्या दारात ज्वारी निवडायला बसली तरी तोंड लाईनकडं. चूलसुद्धा अशी मांडलेली, की भाकरी थापताना मान जराशी वळवली की सिग्नलचा खांब दिसावा. जेवायची उभ्यानं, ताटली हातात धरून, दोन घास खाल्ले की दारात येऊन बघायची.

परभणीपासून थोड्या अंतरावरच्या एका लहान स्टेशनात मी असिस्टंट मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. लहान लाईन, कोळशाची इंजिनं, स्टेशनसमोर एक लिंब आणि मागं रेल्वेच्या चार खोल्या. मी मूळचा सेलूचा, त्यामुळं मुलूख ओळखीचा होता. पण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जे बघितलं, तसं काही पूर्वी बघितलं नव्हतं.

फलाटाच्या टोकाला रुळांमध्ये एक माणूस उकिडवा बसून काहीतरी ठोकत होता. त्याच्या कमरेला दोरी बांधलेली. दोरीचं दुसरं टोक लाईनच्या बाजूला उभ्या असलेल्या एका बाईच्या हातात. हिरवं लुगडं, काळीसावळी, उंच. बैल चरायला सोडून काढणी धरून उभं राहावं तशी ती उभी होती.

मी ओरडलो, "ए बाई! लाईनवरून बाजूला हो!"

ती हलली नाही. माझ्याकडं वळलीही नाही. म्हणाली, "मास्तर, तुमी नवे हायेत. थोडे दिस बघा, मंग वरडा."

तेवढ्यात तिनं दोरीला झटका दिला. माणूस हातातलं तसंच टाकून बाजूला आला. मला काही दिसलंही नव्हतं, ऐकूही आलं नव्हतं. मग बऱ्याच वेळानं वळणावर धूर दिसला.

त्या माणसाचं नाव दगडू साळवे. गयाबाईचा नवरा. तो सिग्नल खात्यात होता आणि त्याचं काम म्हणजे रुळाला तारा बांधणं. हे काम बाहेरच्या माणसाला सांगितलं की हसू येतं, म्हणून जरा सांगतो. स्टेशनच्या हद्दीत गाडी उभी आहे की नाही, हे आम्हाला मास्तरांच्या खोलीत बसून कळावं म्हणून त्या सुमारास रुळांतून अगदी हलकी वीज सोडायला सुरुवात झाली होती. बाजूच्या लोखंडी पेटीतून वायर निघायची, खडीतून रुळापर्यंत यायची, रुळाला भोक पाडून त्यात पिन ठोकून ती पक्की करायची. मधली वायर लोंबू नये म्हणून पोलादी पत्तीनं रुळाला आवळायची. दोन रूळ जिथं भेटतात त्या सांध्यावरून आणखी एक आखूड तार. यातली एक जरी सुटली तरी खोलीतला दिवा लाल होणार, सिग्नल पडणार नाही आणि गाडी बाहेर शिट्ट्या मारत उभी राहणार.

आणि ती सुटायची. रोज कुठं ना कुठं सुटायची. गाडीच्या हादऱ्यानं पिना ढिल्या व्हायच्या. वैशाखात रूळ तापून ताणले की तारा तुटायच्या. गँगवाल्यांची पहार लागायची, डब्याची लोंबती साखळी अडकायची, तांब्याची वायर असली तर कोणीतरी कापून न्यायचं. दगडू सकाळी बांधायचा ते संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसलेला दिसायचा. कुरकुर करताना मी त्याला कधी ऐकलं नाही. पण एकदा पत्ती आवळताना म्हणाला होता, "मास्तर, शेतात काम केलं तर मागं कायतरी उगवतं. हितं मागं बघितलं तर समदं सुटलेलंच दिसतं."

त्याला ऐकू येत नव्हतं. हे मला महिनाभरानं कळलं, आणि कळल्यावर कळलं की स्टेशनात हे सगळ्यांनाच माहीत आहे. बडे मास्तर, सांधे बदलणारा पॉइंट्समन रामा, गँगचा मुकादम, सगळ्यांना. मी यायच्या आधी एका साली त्याला मोठा ताप आला. ताप उतरला तो कान घेऊन गेला. आधी एक, मग दुसरा. इंजिनाची शिट्टी कानाशी वाजली तरी त्याला कळायचं नाही. दवाखान्यात तपासणी झाली असती तर लाईनवरून काढला असता, दुसरं हलकं काम मिळालं तर मिळालं, नाहीतर खोली सोडून गावाकडं, सेलूजवळच्या वालूरला जायचं. तिथं त्यांचं एक पडकं घर होतं आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी. दगडूचा बाप तीच करत मेला होता. गयाबाई म्हणायची, "तिकडं न्हाई जायचं. मेलं तरी न्हाई." म्हणून तिनं दोरी बाहेर काढली.

तिला याचा पगार नव्हता, हुद्दा नव्हता. सकाळी खोलीला कडी लावून ती दगडूच्या मागं निघायची. हातात डबा आणि खांद्यावर दोरीचं भेंडोळं. रामा तिला चिडवायचा, "गयाबाई, नवरा दावनीला बांधलाय की काय?"

"माजा हाय," ती वळणाकडं बघत म्हणायची. "मी बांधीन न्हाईतर सोडीन. तुला कामून फिकीर?"

त्यांच्या खोलीतून कधी आवाज यायचा नाही. माझी बायको सुरुवातीला घाबरलीच होती. म्हणाली, शेजारी कोणी राहतं की नाही? दगडू बहिरा झाल्यापासून गयाबाई त्याच्याशी आवाज न काढता बोलायची. नुसते ओठ हलवायची आणि तो ते ओठ वाचायचा. तो स्वतः अगदी हळू बोलायचा, कारण आपण ओरडतोय की काय ते त्याला कळायचं नाही. एकदा आम्ही दोघांनी त्यांचं भांडण बघितलं. दिवेलागणीची वेळ, दार उघडं. गयाबाईचे हात वारा घातल्यासारखे चाललेत, ओठ भराभरा हलतायत, दगडू मान हलवून नाही म्हणतोय, ती कपाळावर हात मारून घेतेय, आणि आवाज एकाचाही नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कंदील. बघता बघता दगडू हसायला लागला. ती पण हसली. त्या हसण्याचाही आवाज आला नाही.

त्यांना एकच मुलगी, सुमन. आणखी दोन झाली होती, ती राहिली नाहीत. सुमनचं लग्न वालूरच्याच एका बऱ्या घरात ठरलं. मुलगा सोसायटीत कारकून. खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. वऱ्हाड सकाळच्या पॅसेंजरनं सेलूहून येणार होतं. गयाबाई त्या दिवशी पिवळं लुगडं नेसली होती, आणि माझ्या बायकोनं तिच्या अंबाड्यात गजरा माळला होता. मी ड्युटीवर होतो. गाडीची वेळ झाली आणि खोलीतला दिवा लाल झाला तो लालच. तार सुटली होती. गाडी सिग्नलच्या बाहेर येऊन उभी राहिली आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

असं झालं की माणसाबरोबर चिठ्ठी पाठवून गाडी आत घेता येते. मी रामाला हाक मारली. पण तोवर मांडवातून दगडू निघाला होता. नवं धोतर, डोक्याला फेटा, हातात हातोडा. त्याच्यामागं पिवळ्या लुगड्यातली गयाबाई, दोरी घेऊन. वऱ्हाडाची माणसं डब्याच्या खिडक्यांतून, दारांतून लोंबकळून बघतायत, आणि त्यांच्या समोर नवरीचा बाप रुळात बसून पिन ठोकतोय. त्याच्या कमरेची दोरी नवरीच्या आईच्या हातात. कोणीतरी शिट्टी वाजवली. डब्यातून हसण्याचा लोंढा आला. दगडूला तो ऐकू आला नाही. गयाबाईला आला.

सिग्नल पडला, गाडी आत आली, बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत मुलाच्या आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "विहीनबाई, व्याह्यांना बांधून कामून ठिवता वो? पळून जातेत काय?"

गयाबाई हसून वाढत राहिली. पण ती गोष्ट वालूरला सुमनच्या आधी पोचली. "दावनीच्या बापाची पोर" असं तिला सासरी म्हणू लागले. सुमन पहिल्या सणाला आली तेव्हा आईला म्हणाली, "तू तिकडं येऊ नगस. तू आलीस की पुन्हा त्यायला आठवन येती." आणि गयाबाई गेली नाही. सेलू काही लांब नव्हतं, पास मिळत होता. तरी गेली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सिग्नल खात्याला नवे इन्स्पेक्टर आले. ते एकदा ट्रॉलीवरून तपासणीला आले आणि वळणावरून पुढं येताच त्यांना दोरी दिसली. ट्रॉली थांबवून ते उतरले.

"हा काय प्रकार आहे?"

गयाबाई म्हणाली, "साहेब, ह्यायला डुलकी लागती. काम करता करता झोपतेत. म्हनून बांधलंय."

इन्स्पेक्टरना हसू आलं. मग त्यांनी दगडूला नावानं हाक मारली. दगडू त्यांच्याकडं पाठ करून पत्ती आवळत राहिला. पुन्हा हाक मारली. गयाबाईनं दोरीला झटका द्यायला हात उचलला, तसं इन्स्पेक्टरनी तिचा हात बघितला आणि त्यांचं हसू गेलं.

माणूस वाईट नव्हता. स्टेशनात येऊन बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "याला तपासणीला पाठवायला पाहिजे." गयाबाई दारात उभी होती. दगडू तिच्या मागं. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं आणि तो तिचे ओठ बघायला वाकत होता. ती ओठ घट्ट मिटून उभी होती. इन्स्पेक्टरनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. शेवटी म्हणाले, "कान-बिन मला माहीत नाही. मी काही बघितलं नाही. पण बाहेरची बाई लाईनवर पुन्हा दिसता कामा नये. उद्या तिला काही झालं तर मी काय सांगू?"

त्यांनी दया केली, असं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं.

दोरी खुंटीला लागली. गयाबाई आता कुंपणाच्या बाहेर, घायपाताच्या रांगेमागं उभी राहायची. लुगड्याच्या ओट्यात खडे घेऊन. गाडी येताना दिसली की खडा मारायची. दगडूच्या पाठीत, खांद्यावर. पहिले पहिले खडे चुकायचे आणि ती पुढचा, त्याच्या पुढचा, वेड्यासारखी मारत सुटायची. नंतर हात बसला. दगडूच्या पाठीवर बारके काळेनिळे डाग असायचे. अंघोळीला बसला की दिसायचे. माझी बायको एकदा म्हणाली, "गयाबाई, जरा हळू मारा."

"हळू मारला तर त्यायला माशी वाटती," गयाबाई म्हणाली.

ऊन, वारा, पाऊस, काहीही असो, ती तिथं असायची. एकदा तापानं फणफणलेली होती तरी गोणपाट पांघरून उभी होती. मी म्हणालो, आज त्याला सुटी घ्यायला लावा. म्हणाली, "आज घेतली तर उद्या तार सुटायची राहती का, मास्तर?" तिचा आवाज थकलेला होता. मी पहिल्यांदा तिला थकलेली बघितलं. तिला या सगळ्याला शेवट दिसत नव्हता. दगडूची नोकरी संपायला अजून पुष्कळ वर्षं होती आणि तेवढी वर्षं तिला एकही गाडी चुकवून चालणार नव्हतं.

सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सासरच्यांनी धाडली नाही. तसल्या घरात पाठवायची नाही म्हणाले. मग एक दिवस वालूरहून एक माणूस आला. दारातूनच म्हणाला, "सुमनला लय तरास व्हायलाय. कालपासून अडलीय. आई आई करायलीय."

गयाबाई अंगणात उभी राहिली. एकदा लाईनकडं बघायची, एकदा त्या माणसाकडं. माझी बायको म्हणाली, "अहो, जा ना! पोर अडलीय!" तेव्हा ती आत गेली. दगडूचे दोन्ही दंड धरून त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिचे ओठ हलले. मला ते वाचता येत होते एव्हाना. मी येईपर्यंत लाईनवर जायचं न्हाई. दगडूनं आपल्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग ती बडे मास्तरांकडं गेली, त्यांना सांगितलं. रामाला सांगितलं. मुकादमाला सांगितलं. मला सांगितलं. गाडीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा रामाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती, मी घरी सेलूला गेलो होतो. काय झालं ते मला रामानं सांगितलं आणि तो ते पुढं कित्येक दिवस सगळ्यांना सांगत राहिला. दुपारी तार सुटली. बडे मास्तर दगडूला खुणेनं म्हणाले, राहू दे, चिठ्ठीवर गाड्या घेऊ. पण दगडूला दिवसभर खोलीत बसून करमत नव्हतं. पोरीची काही खबर नव्हती. हाताला काम असलं म्हणजे बरं, असं म्हणाला. रामाला बरोबर दिलं. सरकीच्या डब्यांचं शंटिंग चालू होतं. रामानं त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं, इंजिन या बाजूनं येणार म्हणून हातानं दाखवलं आणि सांधा बदलायला पुढं गेला. दगडूनं मान डोलावली. तो बाजूलाच उभा होता. मग त्याला दिसलं असावं, की शेवटची पिन पुरती बसलेली नाही. तो परत वाकला. रामा ओरडत पळत आला. दगडूची पाठ त्याच्याकडं होती.

त्याच दिवशी सकाळी सुमन सुटली होती. मुलगा झाला होता. दोघं सुखरूप होती. खबर घेऊन माणूस वालूरला गेला तेव्हा गयाबाई बाळाला तेल लावत होती, असं म्हणतात. तिनं बाळ खाली ठेवलं आणि हात लुगड्याला पुसले.

ती आली तेव्हा रामा तिच्या पायावर पडला. तिनं त्याला उठवलं. मी तिच्या तोंडून शिव्या ऐकायची मनाची तयारी करून गेलो होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी चौकशी झाली. वेटिंग रूममध्ये टेबल मांडलं होतं. वरचे एक साहेब आणि शेजारी तेच इन्स्पेक्टर. मी दाराशी उभा होतो. प्रश्न एकच होता आणि त्याची दोन्ही उत्तरं वाईट होती. दगडू बहिरा होता म्हणावं, तर त्यानं ते लपवून नोकरी केली. मग त्याच्या माघारी बायकोला काय मिळणार? आणि त्याबरोबर आम्ही सगळे, इन्स्पेक्टरसुद्धा, अडकणार. ऐकू येत होतं म्हणावं, तर इंजिन येताना ऐकूनही हा माणूस हलला नाही. म्हणजे सगळी चूक त्याचीच.

वरच्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्या नवऱ्याला ऐकू कमी येत होतं का?"

इन्स्पेक्टर खाली टेबलाकडं बघत होते. गयाबाईनं साहेबांकडं सरळ बघितलं. तिला कोणाच्या डोळ्यांत असं बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आयकू येत हुतं, साहेब," ती म्हणाली. "माजं तर समदं आयकायचे."

बाकी कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. दगडू साळवे स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला, असं ठरलं. ते ठरवून झाल्यावर गयाबाईनं विचारलं, "म्हंजी चूक त्यायचीच?" साहेब म्हणाले, "तसंच दिसतंय, बाई." ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर येऊन लिंबाखाली बसली. माझी बायको तिच्याजवळ गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "त्यायला मी आज पुन्हा मारलं."

यथावकाश तिला रेल्वेत कामाला घेतलं. परभणीला, बायकांच्या वेटिंग रूमची आया म्हणून. खोली तिनं आधीच सोडली होती. माझी बदली लांब झाली, आणि गयाबाईचं पुढं काही कळलं नाही.

दशक संपत आलं होतं तेव्हा एकदा गाडी बदलायला परभणीला उतरलो. मोठं स्टेशन, मुगाची आणि कापसाची पोती, लोकांची झुंबड. फलाटावर कोणीतरी "मास्तरकाका" म्हणून हाक मारली. सुमन होती. अंगानं भरलेली, बरी दिसत होती. तिच्या बोटाला धरून चार-साडेचार वर्षांचा पोरगा. मी त्याच्याकडं बघितलं आणि बघतच राहिलो. दगडूचं रुंद कपाळ, दगडूचे जरासे बाहेर आलेले दात, मान वाकवून समोरच्याच्या तोंडाकडं बघायची तीच तऱ्हा.

"आईला भेटायला आल्ते," सुमन म्हणाली. "दर दोन-तीन महिन्याला येते. माज्याशी बोलती, माज्या घरचं विचारती. पर याच्याकडं बघत न्हाई, काका. त्या दिसापासून उचललं न्हाई. म्या म्हनलं, याचा काय गुन्हा? तर उठून जाती."

तिची गाडी लागत होती. ती गेली. मी वेटिंग रूमच्या दाराशी गेलो. गयाबाई फरशी पुसत होती. केस पिकले होते. मला ओळखलं, उठली, बायकोची विचारपूस केली, तुमी वाळलात म्हणाली. मग पुन्हा खाली बसून फडकं पिळायला लागली. मी निघणार तेवढ्यात तिनं विचारलं, "सुमन भेटली का भाईर?"

"भेटली."

"पोरगं हुतं सोबत?"

"होतं."

तिनं फडकं बादलीत बुडवलं, बाहेर काढलं, पिळलं. "कुनावर गेलंय, मास्तर?"

मी काहीतरी दुसरं सांगणार होतो. जमलं नाही. "दगडूवर," म्हणालो.

"सुमन बी तेच म्हनती." ती पुन्हा फरशीवर वाकली. "म्हनूनच बघत न्हाई. एकदा बघितलं की उचलावं वाटंल. आन उचललं, की त्यो दिस चांगला हुता आसं हुईल. लोक म्हनतील, देवानं एक नेला आन एक दिला. मला तसं हू द्यायचं न्हाई."

फलाटावर शिट्टी झाली, सुमनची गाडी हलली. तीन-चार बायका मुलं-गाठोडी घेऊन आत आल्या आणि ओल्या फरशीवरून मातीचे पाय उमटवत बाकाकडं गेल्या. गयाबाईनं बादली पुढं ओढली आणि त्यांच्या मागं ते पाय पुसत गेली.